निळा रंग जाईस्तोवर

माघातलं धुकं कोहमाऱ्याच्या चौकात असं बसलं होतं की एसटी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. चेतना लोणच्याची जुनी बरणी पोटाशी धरून उभी होती. बरणीत लोणचं नव्हतं. तळ्याचं पाणी होतं आणि त्यात चिला होता. चिला म्हणजे तळ्याच्या बुडाशी वाढणारं, पोरीच्या मोकळ्या केसांसारखं मऊ, हिरवं गवत. बॉटनीच्या मॅडमनी प्रॅक्टिकलला पाण्यातली वनस्पती आणायला सांगितली होती. गोंदियातल्या पोरी शोभेच्या माशांच्या दुकानातून विकत आणणार होत्या. चेतना सकाळीच थंड पाण्यात गुडघाभर उतरली होती. बोटं अजून सुन्न होती.

बस आली. खिडकीची जागा मिळाली. गोरेगावला एक उंच, सावळा पोरगा चढला आणि शेजारी बसला. पुढे रस्त्यात गायी आडव्या आल्या, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला... आणि बरणीतलं अर्धं तळं त्या पोराच्या मांडीवर!

"ओ मॅडम! घरून आंघोळ करून आलो ना मी!"

"सॉरी... झाकण ढिलं आहे."

"लोणचं तर दिसत नाही. कायचं पानी आहे हे?"

"तळ्याचं. चिला आहे त्यात."

"चीला? आमची माय तव्यावर टाकते तो?"

चेतनाला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण ते डोळ्यांत राहिलंच. "तो तव्यावरचा. हा पान्यातला. तव्यावर टाकला तर तुमीच खाजा."

तेवढ्यात धुकं फाटलं आणि खिडकीतून उन्हाची एक तिरीप बरणीवर पडली. चेतनानं बरणी वर धरली. "हलू नका... पाहा आता."

चिल्याच्या पानापानाला बारीक बारीक मोती लागले होते. एक सुटला, वर गेला. मग दुसरा.

"ऊन पडलं की असा श्वास सोडते तो," ती हळूच म्हणाली.

"ऑक्सिजन," पोरगा म्हणाला. तोही हळू बोलला, देवळात बोलतात तसा. "मी केमिस्ट्रीचा. फायनल इयर. आमी याले बाटलीत पकडतो आन् मोजतो."

"श्वास मोजता?"

"मोजतो ना. पन आत्ता कोनाचा मोजू... याचा की माझा?"

चेतनानं तोंड खिडकीकडे फिरवलं. बाहेर धुक्यात काहीच दिसत नव्हतं. तरी ती गोंदियापर्यंत बाहेरच पाहत राहिली.

त्याचं नाव धर्मेंद्र. गोरेगावजवळच्या पवार जातीच्या घरातला. ती कोहळी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आपल्याकडे प्रेमात पडायच्या आधी आडनाव विचारतात आणि मग जात विचारायची नाही असं भाषणात सांगतात. चेतना आणि धर्मेंद्रनं आडनावं विचारली, ऐकली आणि पुढच्या दिवशी पुन्हा त्याच बसमध्ये शेजारी बसले. एवढंच.

*

चेतनाच्या जिवाला त्या वर्षी एकच घोर होता. पहिल्या वर्षी बी.एस्सी.ला केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी तिन्ही होतं. दुसऱ्या वर्षी त्यातला एकच मुख्य विषय धरायचा. एकदा धरला की आयुष्य त्याच धुऱ्यानं, त्याच बांधावरून जायचं.

आणि घरी, दारी, बसमध्ये, लग्नात, मयतीत जो भेटेल तो एकच शब्द तोंडावर मारायचा. स्कोप!

हा शब्द गोंदिया जिल्ह्यात ज्यानं आणला त्याला एकदा भर पावसात दिवसभर धानाच्या रोवण्याला वाकवायला पाहिजे. केमिस्ट्रीला स्कोप आहे. बॉटनीला स्कोप नाही. झूलॉजी घेऊन काय बेडूक चिरशील? हे सांगणारा चुन्नीलालकाका स्वतः केमिस्ट्रीत एम.एस्सी. होता आणि तिरोड्याला मोबाइलची कव्हरं विकत होता. पण त्याला विचारायची कोणाची हिंमत? शिकलेला माणूस आहे म्हणे!

"केमिस्ट्री घे, बाई," बाप केवळराम म्हणायचा. "औषधाच्या कंपनीत लागशील. पंख्याखाली बसशील."

केवळराम तसा भला माणूस. कोहळ्यांच्या त्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या पाणी अडवलं होतं. तळ्याची मातीची पाळ किती रुंद असावी, पाणी सोडायचं तुडूम कुठं बसवावं, हे त्यांच्या रक्तात होतं. त्याच केवळरामनं पुढे होऊन मागच्या उन्हाळ्यात गावच्या तळ्यात जेसीबी घातला होता. गाळ काढला, सोबत गवतही काढलं. चिला, कमळ, देवधान, काठची लव्हाळी... सगळं खरवडून टाकलं. तळं चकचकीत झालं. "कसं आरशासारखं दिसून राहिलं!" केवळराम चार गावांत सांगत फिरला.

मग मासोळी गेली. मरळ गेली, झिंगे गेले. पाणी गढूळ झालं ते निवळेचना. नंदाबाई ढिवरीण टोपली घेऊन पाळीवर उभी राहून भर बैठकीत ओरडली होती, "आरशात तोंड पाहून पोट भरते काय, पाटील? आमी काय आरसा शिजवून खाव?"

सगळे हसले होते. चेतना हसली नव्हती. पाणी अडवणाऱ्या शहाण्या लोकांनी पाण्याच्या आत काय जगतं ते कधी वाकून पाहिलंच नाही... हे तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

हे सगळं तिनं एक दिवस बसमध्ये धर्मेंद्रला सांगून टाकलं. कसं सांगितलं तिलाच कळलं नाही. तो ऐकत होता म्हणून सांगितलं. पोरं ऐकत नाहीत सहसा. स्वतःचा नंबर येईस्तोवर गप्प बसतात फक्त.

"मंग मोजू ना," तो म्हणाला. "तुमच्या आरशाचं पानी एक बाटली. आन् जथी गवत आहे तथलं एक."

"मागच्या बोडीत, त्या लहान तळ्यात, आहे अजून चिला. बरनीतला तथलाच. तथी जेसीबी पोचला नाही. उद्या भरून आणते दोन बाटल्या."

"तसं नाही जमत." त्यानं मान हलवली, अगदी गंभीर चेहऱ्यानं. "श्वास काठावरच बांधावा लागते. औषध टाकून. बसमध्ये आनेस्तोवर तो बदलून जाते."

"मंग?"

"मंग काय... मलेच यावं लागन."

"हे शास्त्र आहे की बहाना?"

"शास्त्र आहे हो!" तो म्हणाला. मग बसच्या छताकडे पाहत, "बहाना नसता तरी आलो असतो, ते वेगळं."

*

फाल्गुनात तो आला. पाळीवरचे पळस पेटले होते आणि वारा सुटला की पाकळ्या पाण्यावर पडत होत्या. केवळराम बिडी ओढत दूर उभा राहून पाहत होता.

"कोनाचा पोट्टा होय?"

"कॉलेजचा, बाबा. पानी तपासून राहिलो आमी."

"पानी पिऊन पाहा म्हनाव. गोड आहे."

धर्मेंद्र पाण्यात उतरला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि पोटऱ्या बगळ्यासारख्या बारीक. चेतनाला हसू आवरेना.

"हसू नको. बाटली धर. पान्याच्या आतच बुच लाव. हवेचा एक बुडबुडाबी आत राहता कामा नये."

दोघांचे हात पाण्याखाली होते. तिथं कोणाला दिसत नव्हते. बूच लावताना त्याची बोटं तिच्या बोटांवर आली आणि... लागलीच निघाली नाहीत. पाणी गार होतं. बोटं नव्हती.

मग त्यानं दोन औषधांचे थेंब सोडले. बोडीच्या बाटलीत तपकिरी ढग उठला, दाट, आणि बर्फ पडावा तसा हळूहळू बुडाशी बसत गेला. तळ्याच्या बाटलीत फिका, विरळ ढग.

"म्हनजे?" तिनं विचारलं.

"घाई करू नको. लॅबमध्ये कळन. थेंबा-थेंबानं."

लॅबमध्ये दुपारचं ऊन तिरपं येत होतं. चेतनानं बरणी खिडकीत ठेवली आणि बोडीतून आणलेला चिला त्यात सोडला. धर्मेंद्रनं काचेची लांब नळी उभी केली. शंकूसारख्या बाटलीत औषध टाकून पिवळं झालेलं पाणी, त्यात साबुदाण्याच्या पेजेसारखं काहीतरी टाकलं आणि पाणी निळं झालं. निळं म्हणजे किती निळं! रोवण्याआधीच्या आभाळासारखं. पावसाला आलेलं.

"आता हा निळा रंग जाईस्तोवर थेंब सोडायचे," तो कुजबुजला. "जास्त थेंब लागले तर जास्त श्वास. पन शेवटी फार सांभाळावं लागते. एका थेंबात जाते तो. त्याच्यानंतरचा थेंब चुकीचा."

एक थेंब. तो बाटली गोल फिरवायचा. अजून एक. निळाई विरळ होत चालली... दोघांचे श्वास अडकलेले... थेंब...

"अरे!" धर्मेंद्र दचकला. रंग कधीच गेला होता आणि थेंब गळतच होते. "टोटी गळून राहिली याची. बेकार झालं. पुन्हा करावं लागन."

"कॉलेजच्या वस्तू," चेतना म्हणाली.

पुन्हा केलं. या खेपेला नीट जमलं. तळ्याच्या पाण्याला थोडेच थेंब लागले. बोडीच्या पाण्यानं थेंब पिता पिता कंटाळा आणला.

"जिंकली तुमची बोडी!" तो ओरडला. "पाहा चेतना, गेला निळा... पाहा ना!"

"हो, हो," ती म्हणाली. अंगावर काटा आला होता तिच्या. त्या दिवशी बसनं घरी जाताना तिला वाटलं, केमिस्ट्रीहून सुंदर या जगात काही नाही.

*

जून आला. धर्मेंद्र पास झाला, नागपूरला एम.एस्सी.ला जाणार हे ठरलं. चेतनानंही ठरवून टाकलं. केमिस्ट्री! घरात आनंदीआनंद. आई सुभद्राबाईनं गूळ वाटला. मैत्रीण डिंपल मात्र बसमध्ये कोपरानं ढोसून म्हणाली, "केमिस्ट्री घेतली म्हने? विषय घेतला का मानूस?"

"चूप बैस वो."

कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा मागवून तिनं धर्मेंद्रला ते सांगितलं. राखून ठेवलेली खाऊची पुडी सोडावी तसं सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. "काऊन?"

"काऊन म्हनजे? स्कोप आहे."

"खरं सांग."

ती ओढणीशी खेळत राहिली. "तू नागपूरले चालला. दोन वर्षांनी मीबी येईन... त्याच डिपार्टमेंटले. तवा..."

हायवेवरून ट्रक धडधडत गेला. धर्मेंद्रनं तो जाऊ दिला. मग म्हणाला, "आन् मी तथी नसलो तर? नोकरीसाठी गुजरातले गेलो तर? मंग कोनासाठी थेंब मोजशील तू?"

"असं काऊन बोलून राहिला?"

"मले केमिस्ट्री आवडते, चेतना. स्कोपबिप गेला खड्ड्यात. अजूनबी रंग बदलला की माझ्या पोटात गुदगुल्या होतात. तुले होतात काय?"

"होतात!"

"झूठ. त्या दिवशी निळा रंग गेला तवा तू त्याच्याकडे पाहिलंच नाही. मी बोलावून राहिलो आन् तू खिडकीतल्या बरनीकडे पाहून राहिली. चिल्याचे बुडबुडे. 'हो हो' म्हनाली आन् पुन्हा तिकडंच. तुले पान्यातल्या त्या काडीचं वेड आहे. माझं लागलं म्हनून ते सोडशील? नको घेऊ केमिस्ट्री."

चेतना ताडकन उठली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सुरीसारखा. "वा! घरी बाप सांगते, काका सांगते, आन् आता तू! तू कोन मले सांगनारा? मायी अक्कल सगळ्यांनी मिळून वाटून घ्या!"

"अगं, तुह्या मनाचं घे, हेच तर म्हनून राहिलो..."

"नाही! तू 'नको' म्हनून राहिला! बाप 'घे' म्हनते, तू 'नको' म्हनते. फरक काय?"

चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली. तिची बस निघून गेली आणि धर्मेंद्र दोन कपांसमोर बसून राहिला. खरं बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडे बहुतेक असंच एकटं बसावं लागतं. तरी एक मान्य करावं लागेल. तीही खरंच बोलली होती.

*

जुलै. रोवणा लागला. सगळं गाव धानाच्या बांध्यांत वाकलेलं, पऱ्ह्यांच्या, कोवळ्या रोपांच्या जुड्या, पावसाची रिपरिप आणि बायकांची गाणी. आठवडा संपायच्या आत कॉलेजात जाऊन विषय सांगायचा होता. धर्मेंद्रचा फोन दोनदा आला, चेतनानं उचलला नाही. तिसऱ्यांदा आलाच नाही. तेव्हा मात्र तिला राग आला.

त्या दुपारी नंदाबाई दारात उभी. "चेतनाबाई, तुमच्या त्या थेंबाची गोष्ट मी साऱ्या बायांले सांगितली. बोडीतला चिला आनून तळ्याच्या कोपऱ्यात लावून राहिलो आमी. येता काय? का पुस्तकातच लावाल?"

चेतना ओढणी खोचून निघाली.

तळ्याच्या उथळ कोपऱ्यात बायका गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. रोवतात तसंच रोवत होत्या, फक्त धानाऐवजी चिला, देवधान आणि कमळाचे कंद. चेतनानं हात चिखलात घातला. चिखल कोमट होता. काडी धरायची, बोटानं भोक पाडायचं, सोडायची. जिथं खोल तिथं चिला, काठाला देवधान. कोणाच्या सावलीत कोण जगेल? खालची माती घट्ट आहे की भुसभुशीत? मासोळी अंडी कुठं घालेल? प्रश्नांना प्रश्न फुटत होते. पाऊस पाठीवर पडत होता आणि पाण्यावर हजार वर्तुळं उमटून एकमेकांत मिसळत होती. आभाळ कुठं संपतं आणि तळं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. ती त्या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी उभी होती, हलकी, आपल्या घरात असल्यासारखी...

नंदाबाईनं हाक मारली तेव्हा संध्याकाळ झाली होती. चेतनानं कंबर सरळ केली. आणि एकदम तिच्या लक्षात आलं. अख्ख्या दुपारभरात तिला धर्मेंद्रची आठवण एकदाही आली नव्हती.

ती चिखलातच मोठ्यानं हसली.

"काय झालं वो पोरी?"

"काही नाही, नंदाबाई. विषय ठरला माया."

आणि हे पहिल्यांदा कोणाला सांगावं असा विचार केला, तर डोळ्यांपुढे दुमडलेली पँट आली... बगळ्यासारख्या बारीक पोटऱ्या आल्या... हेही तितकंच खरं होतं. त्याचं तिनं काय करावं?

आधी तिनं बापाला सांगितलं, धुऱ्यावर.

"गवत शिकशील?" केवळराम भडकला. "आयुष्यभर गवत?"

"हो, बाबा. आपल्या बापदाद्यांनी पानी अडवलं. पान्यात काय जगते ते कोनी शिकलं नाही. म्हनून तर आपन आपल्याच हातानं तळं मारलं."

केवळरामची बिडी पावसानं विझली होती. तो तरी ओढत राहिला. "नौकरी लागन काय त्यात?"

"लागन. नाही तर नाही लागनार. वनखात्याची परीक्षा आहे, मत्स्यखात्याची आहे, पुढं एम.एस्सी. आहे. सगळ्यांतच रडापड आहे. केमिस्ट्रीवाल्यांसाठी कोन हार घेऊन उभं आहे, बाबा? चुन्नीलालकाका?"

बाप बराच वेळ तळ्याकडे पाहत राहिला. कोपऱ्यात, पावसात, हिरव्या काड्या डुलत होत्या. "तथी चिखल भुसभुशा आहे," तो शेवटी पुटपुटला. "काड्या उचलून येतीन वर. उद्या मातीचा छोटा बांध टाकून देतो आडवा."

आणि तो कुदळ शोधायला निघून गेला.

*

कॉलेजात विषय सांगायच्या दिवशी पाऊस थांबून थांबून येत होता. बसची खिडकी नीट लागत नव्हती. गोरेगावला बस थांबली आणि तो चढला. शेजारची जागा रिकामी होती. तो क्षणभर उभाच राहिला.

"बसू काय?"

"बस काय माया बापाची आहे?"

तो बसला. दोन्ही बाजूंना नव्या रोवलेल्या बांध्या मागे पळत होत्या, पोपटी, पाण्यानं डबडबलेल्या.

"सोमवारी जाऊन राहिलो नागपूरले," तो म्हणाला. "त्या दिवशीचं... मी 'नको' म्हनाले नको होतं. विचाराले पाहिजे होतं तुले."

"हो. विचाराले पाहिजे होतं."

"मंग आता विचारतो. काय घेऊन राहिली?"

चेतनानं पिशवीतून लोणच्याची बरणी काढली आणि सरळ त्याच्या मांडीवर ठेवली. आत चिला होता, नव्या कोंबांचा.

धर्मेंद्र बरणीकडे पाहत राहिला आणि मग असा हसला, जसा काही त्याचाच निकाल लागला होता.

"एक विचारू?" चेतना म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी त्या दिवशी बरनीकडे पाहून राहिली, मी पुन्हा बरनीकडे पाहिलं... हे सगळं तुले कसं दिसलं? तुले तर रंगाकडे पाहाचं होतं. एका थेंबात जाते तो."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"धर्मेंद्र... ती टोटी खरंच गळत होती काय?"

बाहेर पाऊस पुन्हा आला. अर्धवट लागलेल्या खिडकीतून तुषार आत आले, तिच्या गालावर, त्याच्या हातावर.

"नाही," तो म्हणाला. "टोटी नवी होती."

चेतनानं गालावरचे तुषार पुसले. "तळ्याचं पानी दर महिन्याले तपासावं लागन. मोठं काम आहे. केमिस्ट पायजे एक. नागपूरवरून येनाऱ्यालेबी चालन."

"पगार?"

"मरळीचा रस्सा."

"तुमच्या तळ्यात मरळ आहे कोठी?"

"येईल ना. चिला लागला की येईल. दोन वर्षं लागतीन, चार लागतीन..."

"तोवर मी फुकट येऊ?"

"तोवर यावं लागन," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं खिडकीकडे नाही, त्याच्याकडे पाहिलं, पापणी न हलवता. "आन् मंगबी यावं लागन."

ड्रायव्हरनं ब्रेक मारला. ढिल्या झाकणातून पाणी उसळलं आणि धर्मेंद्रची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. या खेपेला तो ओरडला नाही. बरणी त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली... आणि त्या हातांवर एक तिसरा हात आला, तो गोंदियापर्यंत निघालाच नाही.